मावळांतील एकनळी बंदूक व तिची निवड

(१) पुण्याच्या पश्चिमेस, पाषाण व सूस यांच्या पलीकडील डोंगरांच्या कुशींत, मुळशी तालुक्यांतील मौजे लवळे हें गांव आहे. आज त्या डोंगरांत दोन विद्यापीठें उभीं राहिलीं आहेत व गांवाचें नांव काढलें म्हणजे लोकांना प्रथम त्यांचीच आठवण होते. आम्ही तेथें गेलों होतों तें मात्र मोडी कागदांच्या शोधांत. कागद हातीं लागले ते थोडे व अलीकडचे; परंतु ज्या घरीं उतरलों होतों त्या घराच्या माजघरांत तुळईखालीं दोन खुंट्यांवर एक लांब एकनळी बंदूक आडवी ठेविलेली दिसली. "ही महाराजांच्या वेळची," असें घरच्या वडील गृहस्थांनीं सांगितलें. तिचा परवाना त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नांवाचा होता. तो आपल्या नांवें करून घेण्याची मुलांपैकीं कोणाचीच इच्छा नव्हती. सबब कायद्याप्रमाणें ती लवकरच ठाण्यांत जमा व्हावयाची होती. "गुरुजी, हिची किंमत काय होईल?" असें त्यांनीं विचारलें. विक्रीच्या किंमतीविषयीं आम्हांस बोलतां येण्यासारखें नव्हतें. पण ज्या पुरुषानें ही बंदूक प्रथम विकत घेतली त्यानें हीच कां घेतली, दुसरी कां घेतली नाहीं, हा प्रश्न मनांत राहिला. प्रस्तुत लेख हें त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

आमच्या संग्राहक मित्रांचें लक्ष सोन्याच्या कोफ्तगारीच्या नळ्यांकडे व हस्तिदंती कुंद्यांकडे असतें. साध्या लोखंडाची, साध्या लाकडाची, एका बाराची बंदूक अडगळींत जाते किंवा मोडींत निघते. आमच्या मतें इतिहासाच्या दृष्टीनें तीच अधिक बोलकी आहे. कारण सरदाराची बंदूक त्याच्या हौसेनें ठरे, कुणब्याची बंदूक मात्र शिशाच्या भावानें, लोहाराच्या भात्यानें आणि पुढें सरकारी परवान्यानें ठरली.

(२) प्रथम लवळ्याच्या बंदुकीचें वय. तोंडानें भरावयाची कोणतीही जुनी बंदूक हातीं आली कीं ती भरलेली आहे असेंच समजावें. गज नळींत तळापर्यंत सोडून तोंडाशीं खूण करावी व तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. बाहेरील लांबी आंतील लांबीहून चार बोटें अधिक भरली, तर आंत जुना बार ठासलेला असण्याचा संभव असतो. असा बार कित्येक वर्षांनींही पेटूं शकतो. तेव्हां मग बंदूक जाणत्याकडे द्यावी. स्वतः उकरूं नये. लवळ्याची नळी सुदैवानें रिकामी होती.

तिचा कुंदा अरुंद व जवळजवळ सरळ; नळी त्याला तारेच्या वेढ्यांनीं बांधलेली. हें तोड्याच्या देशी बंदुकीचें लक्षण. परंतु नळीच्या उजव्या बाजूस, जेथें रंजक घालण्याचा कान असावयाचा तेथें, भर घालून एक लहान पोकळ बोंडी बसविली होती व तिच्यावर आपटणारा घोडा होता. ही केपाची योजना. आघातानें पेटणाऱ्या मसाल्याचा उपयोग करण्याचा परवाना स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फोरसाइथ यानें १८०७ मध्यें मिळविला, आणि तांब्याची टोपी, म्हणजे केप, १८२० नंतर प्रचारांत आली. इंग्रजी सैन्यानें ती १८४० च्या सुमारास स्वीकारली. म्हणजे बंदुकीचें आजचें रूप कोणत्याही परिस्थितींत एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडचें आहे. नळी व कुंदा त्याहून जुने असूं शकतात. पण तेवढ्यावरून त्यांना शिवकालांत नेतां येत नाहीं. घरच्या मंडळींना हें ऐकून वाईट वाटलें. तथापि एकाच बंदुकीवर दोन काळांच्या खुणा असणें, हें नुसत्या प्राचीनतेपेक्षां अधिक मोलाचें आहे असें आम्हांस वाटतें.

(३) आतां मूळ तोड्याच्या बंदुकीकडे पाहूं. संस्कृत वाङ्मयांत तिचें मूळ शोधणारे शुक्रनीतींतील लघुनालिक व बृहन्नालिक यांच्या वर्णनाकडे बोट दाखवितात. त्या ग्रंथांत सोरा पांच भाग आणि गंधक व कोळसा प्रत्येकीं एक भाग असें दारूचें प्रमाण असून कोळसा रुई, निवडुंग इत्यादींचा सांगितला आहे. गुस्ताव ओपर्ट यानें १८८० मध्यें या आधारावर प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें. परंतु तो ग्रंथ, निदान त्याचा तो भाग, फार उशिराचा आहे असेंच पुढील संशोधकांचें मत झालें आहे. आमच्या विषयापुरता त्याचा उपयोग निराळा आहे. पाठ कितीही अर्वाचीन असो, त्यांतील कृति खेड्यांत करतां येण्याजोगी आहे. रुई प्रत्येक बांधावर उगवते. गंधक व सोरा बाजारांत मिळतो.

पश्चिम किनाऱ्यावर सोळाव्या शतकांत पोर्तुगीज आले व गोव्यास त्यांचा शस्त्रकारखाना चालूं झाला. तेथील घडणीची छाप सिंहलद्वीपापासून जपानपर्यंतच्या तोड्याच्या बंदुकांवर उमटली. मराठी मुलखांत किनाऱ्याकडील लोक बंदुकीच्या नेमांत अधिक तरबेज झाले यांत नवल नाहीं. ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत कोंकणचे हेटकरी बंदुकीच्या नेमाबद्दल व मावळे तलवारीच्या कामाबद्दल नांवाजलेले म्हणून सांगितले आहेत. लवळ्यासारख्या मावळी गांवांत बंदूक आली ती बहुधा लढाईपेक्षां रानडुकरासाठीं. मुळशीकडील मुख्य पीक भात. तें आश्विन-कार्तिकांत पिकूं लागतें आणि त्याच वेळीं डुकरांचे कळप रात्रीं खाचरांत उतरतात. पाऊस तोंवर ओसरलेला असतो, त्यामुळें पेटता तोडा विझण्याची भीति उरत नाहीं. माळ्यावर बसलेल्या राखणदाराला जनावर पन्नास पावलांच्या आंत येतें. एवढ्या कामाला गुळगुळीत नळीची, एका बाराची बंदूक पुरेशी होती.

(४) चकमकीची बंदूक त्या काळीं उपलब्ध नव्हती असें नाहीं. अठराव्या शतकांत गारद्यांच्या पलटणींनीं ती मराठी फौजेंत आणली. महादजी शिंद्यांच्या पदरीं असलेल्या फिरंगी अधिकाऱ्यांनीं आग्र्यास कारखाना घालून तशा बंदुका येथेंच बनविल्या. तरीही शिकारी व शेतकरी तोड्यालाच धरून राहिले. ह्याला पुष्कळ इंग्रज लेखक आळस किंवा जुन्याची आवड म्हणतात. आम्हांस कारण निराळें दिसतें. चकमकीच्या कळीला कडक पोलादी कमानी लागतात. कमान मोडली तर गांवचा लोहार ती घडवूं शकत नाहीं. गारेचा तुकडाही ठराविक आकाराचा लागतो व कांहीं बारांनंतर बदलावा लागतो. उलट तोड्याच्या बंदुकींत चाप ओढला म्हणजे एका साध्या तरफेनें घोडा खालीं येतो व त्याच्या तोंडांतील पेटती दोरी रंजकाला लागते. दोरी सुताची, तिला सोऱ्याच्या पाण्याची भावना दिली कीं काम झालें. मोडेल असें तींत फार थोडें आहे आणि जें मोडेल तें गांवांत दुरुस्त होतें.

शिशाचाही हिशोब पाहावा. अर्धा इंच व्यासाची वाटोळी गोळी सुमारें १२ ग्रॅम भरते. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा धरला, तर एका शेर शिशांत अशा ७६ गोळ्या होतात. बारा बोअरची गोळी, म्हणजे एका रत्तलांत बारा बसतात ती, सुमारें ३८ ग्रॅमांची. तिच्या त्याच शेरांत २४ च होतात. दारूही त्याच मानानें अधिक लागते. लवळ्याच्या नळीचें तोंड आम्हीं मोजलें तें अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक भरलें. मोठी गोळी जनावर जागच्या जागीं पाडते हें खरें. पण ज्याला शिसें विकत घ्यावयाचें आहे तो लहान तोंडाची नळीच निवडतो. चुकलेल्या डुकराच्या अंगांतील गोळी परत मिळत नाहीं, हेंही तो जाणत असे.

येथें एक गोष्ट सहज सांगण्यासारखी आहे. कौटिल्यानें व्यसनाधिकारांत मृगयेचा विचार करतांना व्यायाम व चल आणि अचल लक्ष्यावर नेमाचा अभ्यास हे तिचे गुण मानले आहेत. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांतील सेनापतिही चल लक्ष्यावरील नेमाचीच थोरवी गातो. एका बाराच्या बंदुकीइतका हा गुण दुसरें कोणतेंही हत्यार शिकवीत नाहीं. तोंडानें भरावयाच्या बंदुकींत दुसरा बार ठासेपर्यंत जनावर रानांत तरी जातें किंवा अंगावर तरी येतें. तिचा धनी एकबाणी राहिला तो आवडीनें नव्हे, निरुपायानें.

(५) हा निरुपाय पुढें कायद्यानें पक्का केला. १८५७ च्या उठावणींत निमित्त झाली ती एनफील्डची आट्यांची बंदूक, म्हणजे रायफल. नळीच्या आंत पिळाचे आटे पाडले म्हणजे गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते व दूरवर नेम सोडीत नाहीं. उठावणीनंतर देशी पलटणींसाठीं सरकारनें १८५८ चा जो नमुना काढला, तो एनफील्डचाच. पण त्याची नळी आंतून कापून गुळगुळीत केलेली होती. बाहेरून तीच बंदूक, आंतून आटे नाहींत. पुढें गोऱ्या शिपायांच्या हातीं १८६६ ची मागून भरावयाची स्नायडर आली व १८७१ ची मार्टिनी-हेन्री आली. देशी पलटणी मात्र प्रत्येक वेळीं एक पिढी मागें ठेवल्या गेल्या.

विसाव्या शतकांत हाच प्रकार पुन्हा घडला. ईशापूरच्या कारखान्यांत ली-एनफील्ड रायफलींचे आटे काढून त्या .४१० व्यासाच्या गुळगुळीत नळीच्या केल्या, काडतुसांची पेटी बुजविली आणि एकेक काडतूस भरावयाची ती बंदूक पोलिसांच्या हातीं दिली. दोन्ही वेळां राज्यकर्त्यांनीं मुद्दाम आटे काढले आहेत, आणि दुसऱ्या वेळीं तर बंदूक मुद्दाम एकबारी केली आहे. देशी माणसाची एकनळी बंदूक केवळ त्याच्या गरिबीचें चिन्ह नाहीं. ती काय असावी हें दुसऱ्यानेंही ठरविलें आहे.

रयतेला हें बंधन १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें लागलें. परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा झाला. युरोपियनांना मात्र सवलती होत्या. रानटी जनावरांपासून माणसें, गुरें व पिकें राखण्यासाठीं परवान्याची सोय त्यांत होती, पण ती हाकिमाच्या मर्जीवर. १८८७ च्या मद्रासच्या राष्ट्रीय सभेंत ह्या कायद्याविरुद्ध ठराव झाला तो ह्याच अपमानामुळें. पुढें लष्करी व्यासांवर निर्बंध आले. .३०३ ची रायफल खाजगी माणसाला निषिद्ध. आणि सरहद्दीवरील मार्टिनींना गोळ्या मिळूं नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं.४५० व्यासाचीही आयात बंद झाली. तेव्हां विलायती कारखानदारांनीं .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. त्या दुनळी रायफली संस्थानिकांच्या व बड्या साहेबांच्या आवांक्यांतल्या. मावळांतल्या माणसाला ह्या फेरबदलाचा लाभ तर झाला नाहींच, उलट मोडींत निघालेली लष्करी रायफल स्वस्तांत घेण्याची वाटही बंद झाली.

(६) ज्याच्याजवळ थोडे अधिक पैसे होते त्यानें काय निवडावें? त्याला मागून भरावयाची, बारा बोअरची, एकनळी काडतुसी बंदूक घेतां येई. तींतही दोन जाती होत्या. एकींत नळी बिजागरीवर खालीं झुकते. दुसरींत मार्टिनीप्रमाणें खालचा दांडा ओढला कीं आंतील ठोकळा खालीं बसतो व त्याच हालचालीनें कळ ताणली जाते. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरनें ह्या दुसऱ्या जातीची बंदूक पुष्कळ खपविली. बिजागरीची बंदूक साधी व हलकी, पण वापरानें सांधा ढिला होतो. मार्टिनीच्या जातीची जड, पण तिचा ठोकळा सहसा ढिला होत नाहीं. एकच बंदूक घेऊन ती मुलाच्या हातीं द्यावयाची, असा विचार करणाऱ्याला दुसरी जात अधिक पटावी.

गुळगुळीत नळीचा मोठा फायदा असा कीं, छर्रे घातले तर ससे व पक्षी, आणि सबंध गोळी घातली तर डुक्कर, अशीं दोन्ही कामें तिच्यानें होतात. रायफल एकाच कामाची. मध्यप्रांतांतील जंगलांचा अनुभव असलेल्या जेम्स फोरसाइथनें १८६३ मध्यें शिकारी रायफलीवर ग्रंथ लिहून मोठा व्यास व दारूचा मोठा बार यांचा पुरस्कार केला. परंतु तो सल्ला ज्याचा दारूखर्च दुसरा कोणी सोसतो त्याच्यासाठीं होता. मागाहून ईशापूरास निघालेली .३१५ ची देशी रायफल निषिद्ध व्यासाबाहेरची म्हणून लोकप्रिय झाली, पण ती अनेक बारांची आणि महाग.

काडतुसी बंदुकीचें खरें ओझें मात्र बंदुकीच्या किंमतींत नव्हतें, काडतुसांत होतें. दारू घरीं कुटतां येते, गोळी चुलीवर ओततां येते. काडतूस दुकानांतूनच आणावें लागतें, आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येपुरतेंच. लवळ्याहून डोंगर ओलांडला कीं पलीकडे खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालूं आहे व पाषाणास १९५८ मध्यें स्थापन झालेली शस्त्रसंशोधनाची संस्था आहे. ज्या मुलखाच्या उंबऱ्यावर सैन्याचीं काडतुसें बनत आलीं, तेथील राखणदार मात्र घरच्या दारूवर विसंबून राहिला. लवळ्याच्या बंदुकीला केपाची बोंडी बसविणाऱ्यानेंही हाच विचार केला असावा. नवी बंदूक नको. जुन्या नळीला तेवढी पावसांत पेटणारी कळ पुरे.

स्वराज्यांतील कायद्यानेंही ही निवड पुढें चालविली. १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ मध्यें अंमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं परवाना द्यावयाचा तो तोंडानें भरावयाच्या बंदुकीचा असें स्पष्ट म्हटलें आहे. ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. म्हणून कोंकणांत व सह्याद्रीच्या पट्ट्यांत ठासणीची बंदूक आजही परवान्यावर आहे आणि निवडणुका आल्या म्हणजे ठाण्यांत जमा होते. १९७२ च्या वन्यजीवसंरक्षण कायद्यानें शिकारीचा हक्क संपला. हें योग्यच झालें. आज मावळांतील जनावर राखण्याचीच गरज आहे. पण त्यामुळें बंदुकीचा उपयोग गेला आणि उपयोग गेल्यावर वारसांची आस्थाही गेली.

(७) संग्राहकांस दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. पहिली ओळखण्याची. नळीच्या उजवीकडे उघडा कान असेल तर तोड्याची. कानापुढें झांकणाचें पोलादी पान व घोड्याच्या जबड्यांत गार धरण्याची जागा असेल तर चकमकीची. बोंडी असेल तर केपाची. मागील ठोकळा बिजागरीवर उजवीकडे उलटत असेल तर स्नायडर, खालीं दांडा असेल तर मार्टिनीची जात. नळींत बोट घालून आटे लागतात कीं काय तें पाहावें. आटे असावयाच्या नळींत ते नसतील तर ते मागाहून काढले आहेत कीं काय हें तपासावें. काडतुसाच्या बुडावर रोमन लिपींत के. एफ. हीं अक्षरें दिसलीं तर तें खडकीचें होय. एकाच बंदुकीवर दोन काळांच्या खुणा आढळल्या तर दोन्ही टिपाव्या. बंदूक खोटी ठरत नाहीं. ती दोनदा निवडलेली असते.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुनी म्हणून बंदुकीला परवाना लागत नाहीं ही समजूत धोक्याची आहे. पंचेचाळिसावें कलम जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तु म्हणून मोलाच्या हत्यारास सूट देतें, पण तें दुरुस्त करूनही चालविण्याजोगें नसेल तरच. परवाना संपला किंवा धनी वारला, तर एकविसाव्या कलमाप्रमाणें बंदूक ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते, आणि मुदतींत सोडविली नाहीं तर ती सरकारजमा होते. म्हणून जमा करण्यापूर्वीं तिचें माप, वजन, नळीचें तोंड, कळीची जात व असतील ते ठसे टिपून घ्यावे, चारही बाजूंनीं छायाचित्रें काढावीं आणि जुन्या परवान्याचें पुस्तक जपून ठेवावें. तें पुस्तक म्हणजे त्या घराचें दफ्तरच होय. बंदूक कोणत्या जातीची, कोणत्या कामासाठीं व किती बारांची मुभा, हें सारें त्यांत असतें. मोडी रुमाल जपणारे आपण हे छापील कागद मात्र रद्दींत जाऊं देतों.

लवळ्याच्या बंदुकीचें टिपण आम्हीं त्या दिवशीं दुपारीं ओटीवर बसून केलें. घरच्या धाकट्या मुलानें सूत धरलें, आम्हीं आंकडे लिहिले. परवान्याचें पुस्तक देव्हाऱ्याखालच्या पेटींत होतें. ती शिवकालीन नाहीं हें आम्हीं पुन्हा सांगितलें. ती तुमच्याच खाचरांसाठीं निवडलेली होती, हेंही सांगितलें. वडील गृहस्थ कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या भातासाठीं होती तर." पुढील आठवड्यांत बंदूक जमा झाली. टिपणाची एक नकल त्या घरीं आहे, एक आमच्याजवळ आहे, आणि तिसरी मंडळाच्या दफ्तरांत ठेवण्यासाठीं ह्या लेखासोबत पाठवीत आहों.